बाभळीच्या काट्याचे विज्ञान

होशंगाबाद नावाचा जिल्हा आता नकाशावर सापडत नाही. माळव्याच्या होशंगशाहाचे नाव सांगणारे नर्मदाकाठचे ते गाव 2022 साली नर्मदापुरम झाले. त्याच्या बऱ्याच आधी, 1998 मध्ये, आमचे हरदा त्या जिल्ह्यातून वेगळे निघून स्वतः जिल्ह्याचे गाव झाले होते. गावांची नावे बदलतात, सीमा सरकतात. आपल्यासारख्या दोन भाषांच्या मुलखात राहणाऱ्यांना ते काही नवे नाही. पण या जिल्ह्याच्या नावावर एक गोष्ट जमा आहे आणि नावाबरोबर तीही पुसली जाऊ नये, एवढ्यासाठी हा लेख. ती गोष्ट म्हणजे ‘होशंगाबाद विज्ञान’. 1972 ते 2002 अशी तीस वर्षे या भागातल्या सरकारी शाळांतून मुलांनी विज्ञान हाताने प्रयोग करून शिकले. त्यातली शेवटची चोवीस वर्षे मी तेथे शिक्षिका होते.

माझे माहेर इंदूरचे. शाळा मराठी माध्यमाची. रसायनशास्त्राच्या तासाला आम्हांला ‘प्राणवायू तयार करण्याची कृती’ होती. पोटॅशियम क्लोरेट आणि मँगनीज डायऑक्साइड घातलेली परीक्षानळी, खाली दिवा, वाकडी काचनळी, पाण्याचे पात्र, त्यात उपडा वायुपात्र. ही आकृती मी डोळे मिटून काढू शकत असे आणि तिला पैकीच्या पैकी गुण मिळत. ती परीक्षानळी मात्र मी कधी हातात धरली नव्हती. प्रयोगशाळेच्या कपाटाला कुलूप असे आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात. पुढे बी.एस्सी. झाले, लग्न होऊन हरद्याला आले आणि जवळच्या एका खेड्यातल्या सरकारी मिडल स्कूलमध्ये नोकरी लागली. मिडल स्कूल म्हणजे सहावी ते आठवी. मीही मुलांना फळ्यावर तीच आकृती काढून देत असे.

या उद्योगाचा उगम जिल्ह्याच्या पूर्वेकडचा. बनखेडीजवळ ‘किशोर भारती’ नावाची संस्था काढणारे डॉ. अनिल सद्गोपाल हे अमेरिकेत पीएच.डी. करून आलेले, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले वैज्ञानिक. ती नोकरी सोडून ते खेड्यात आले. होशंगाबादजवळ रसूलिया येथे क्वेकर मंडळींचे ‘फ्रेंड्स रूरल सेंटर’ आधीपासून होते. या दोन संस्थांनी मिळून राज्य सरकारकडे परवानगी मागितली आणि 1972 साली सोळा शाळांत काम सुरू झाले.

याला एक मुंबईचा धागाही आहे. त्याच सुमारास टाटा संस्थेतली काही वैज्ञानिक मंडळी मुंबई महापालिकेच्या शाळांतून प्रयोगांच्या आधारे विज्ञान शिकवण्याची खटपट करीत होती. त्या खटपटीतून 1974 साली होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र उभे राहिले. प्रा. व्ही. जी. कुलकर्णी हे त्याचे पहिले संचालक. म्हणजे एकाच झाडाच्या दोन फांद्या. एक मुंबईत वाढली, दुसरी नर्मदाकाठी आली. नर्मदाकाठच्या मंडळींचा प्रश्न साधा होता. शहरातल्या चांगल्या शाळेत मूल प्रयोग करू शकते, मग जिथे छप्पर गळते, बाक नाहीत, मुले टाटपट्टीवर बसतात, अशा शाळेत का करू शकणार नाही? 1973 पासून दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापक या कामात आले. सुट्टी काढून, रेल्वेने इटारसीला उतरून, तिथून मिळेल त्या वाहनाने ही माणसे खेड्यापाड्यांत जाऊ लागली.

1978 साली सरकारने हा कार्यक्रम जिल्ह्यातल्या सगळ्या, म्हणजे दोनशेहून अधिक, मिडल स्कूलांना लागू केला आणि माझ्या हाती प्रशिक्षणाचा हुकूम पडला. तीन आठवडे, तेही ऐन उन्हाळ्यात. घरात तान्हे मूल नव्हते म्हणून सुटका नव्हती. सासूबाईंनी कपाळाला आठ्या घालून परवानगी दिली.

पहिल्याच दिवशी आम्हां मास्तरलोकांची चार-चारांची टोळी केली. होय, शब्द ‘टोली’ हाच होता आणि वर्गात मुलांचीही अशीच टोळी करायची होती. प्रत्येक टोळीने एकाच टेबलाची लांबी मोजायची. पंधरा-वीस टोळ्यांची पंधरा-वीस उत्तरे आली. शिकवणाऱ्या प्राध्यापकांनी ती सगळी फळ्यावर लिहिली आणि विचारले, “यातले बरोबर कोणते?” आम्ही म्हणालो, तुम्ही सांगा. ते म्हणाले, “मला काय ठाऊक? मी तर मोजलेच नाही.” एक वयस्कर गुरुजी चिडून उठले. “पुस्तकात उत्तर दिले असेल ना?” पुस्तकाचे नाव ‘बाल वैज्ञानिक’. त्यात काय करायचे ते होते, काय दिसले हे विचारणारे प्रश्न होते, खाली रिकामी जागा होती. उत्तरे नव्हती. गुरुजींनी पाने उलटून पाहिली आणि म्हणाले, “तो फिर ये किताब किस काम की?” सगळे हसले. मीही हसले, पण मनातून मला गुरुजींचेच पटले होते.

तो धडा पुढे ‘घट-बढ़ और सन्निकटन’ म्हणून मी मुलांना कितीतरी वेळा शिकवला. मोजमापात चूक होणे हा गुन्हा नसून मोजण्याचा स्वभावच आहे. किती चूक होऊ शकते ते ओळखणे म्हणजे शास्त्र. हे मला वयाच्या पंचविसाव्या वर्षी, पदवी खिशात असताना, एका टेबलाने शिकवले.

किट म्हणून जे सामान शाळेला मिळे त्यात थाटाचे काही नव्हते. परीक्षानळ्या, हाताची भिंगे, चुंबक, टॉर्चचे सेल आणि बल्ब, लिटमस कागद, इंजेक्शनच्या रिकाम्या कुप्या, सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब. फुलाचे भाग वेगळे करायला सुई हवी, तर तिच्या जागी बाभळीचा काटा. कुंपणावर फुकट मिळणारा, टोकदार, हरवला तर दुसरा. पहिल्या वर्षी मला ते गरिबीचे सोंग वाटले. नंतर लक्षात आले की काटा मुलांचा होता, सुई सरकारची असती. सरकारची सुई कपाटात राहिली असती, आणि कपाटाची किल्ली कोणाच्या तरी खिशात.

सहावीला ‘जड़ और पत्ती’ हा धडा होता. मुलांनी शेतात जाऊन झाडे मुळासकट उपटून आणायची आणि मूळ व पान यांचा काही मेळ लागतो का ते पाहायचे. गहू, गवत, मका: पानावरच्या शिरा समांतर, मूळ झुपकेदार. हरभरा, तूर, आघाडा: शिरांचे जाळे, मूळ सोटासारखे. दहा-पंधरा झाडे पाहिली की मुले आपणच नियम सांगत. न उपटता, नुसते पान पाहून जमिनीखालचे मूळ ओळखता येते म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांत जी चमक येई, ती आकृती उतरवून घेताना कधी दिसली नव्हती.

एके दिवशी एक मुलगी घुइयाँचे रोप घेऊन आली. घुइयाँ म्हणजे आपले अळू. पान जाळ्यासारखे, मुळे मात्र झुपकेदार. “बहनजी, ये तो झूठ बोल रहा है.” मी गप्प. आमच्या परसात अळू होते, श्रावणात अळूवड्या आणि फतफते कधी चुकले नाही, पण अळूच्या मुळाकडे मी आयुष्यात पाहिले नव्हते. जुन्या सवयीने ‘ते पुस्तकात नाही, बाजूला ठेव’ असे ओठांवर आले होते. ते गिळले आणि म्हणाले, “मला माहीत नाही. आपण लिहून ठेवू.” शिक्षिका झाल्यापासून वर्गासमोर ‘मला माहीत नाही’ म्हणण्याची ती माझी पहिली वेळ. महिन्याकाठी आम्हां शिक्षकांची ‘मासिक गोष्ठी’ होई. तिथे मी ते रोप पिशवीत घालून नेले. तिथे कळले की अळू हे गहू-गवताच्याच मोठ्या गटातले, एकदल. पण पानाच्या बाबतीत अपवाद. नियम आहे, आणि नियमाला अपवादही आहे. दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीला सांगितले की तू बरोबर होतीस, झाडही खोटे बोलत नव्हते. आमचा नियमच थोडा तोकडा होता.

घरी मात्र सगळे एवढे सरळ नव्हते. प्राण्यांच्या जीवनचक्राच्या धड्यासाठी शेणावर माशीने घातलेली अंडी बाटलीत ठेवून रोज पाहायची होती. दिवाळीच्या सुट्टीत शाळा बंद, म्हणून ती बाटली मी घरी आणली. ऐन फराळाच्या दिवसांत शेणाची बाटली! सासूबाईंनी ती तुळशीपलीकडे, न्हाणीच्या मागे ठेवायला लावली. त्यांचे म्हणणे, शेणात किडे आपोआप होतात, त्यात पाहायचे काय? मी दुसऱ्या बाटलीत ताजे शेण घालून तिच्या तोंडाला फडके बांधले. आठवड्याभरात एका बाटलीत अळ्या वळवळल्या, कोष झाले, दुसरीत काही नाही. सासूबाई बोलल्या नाहीत, पण भाऊबीजेच्या दिवशी मला म्हणाल्या, “अगं, तुझी माशी निघाली बघ.” इटलीतल्या फ्रान्चेस्को रेडीने 1668 साली मांसाच्या बरण्या कापडाने झाकून हेच दाखवले होते. त्याला टीकाकारांशी वाद घालावा लागला. मला सासूबाईंशी घालावा लागला नाही.

उलट त्यांनीच मला एक धडा दिला. हळदीचा डाग पडलेल्या पातळाला साबण लावला की डाग लालभडक होतो आणि लिंबू पिळले की परत पिवळा, हे त्यांनी सहज सांगितले. कुंकू घरी करायचे ते हळदीला चुना लावूनच, हेही त्यांना ठाऊक होते. आम्ल आणि अल्कली ओळखायला लिटमस संपले तर काय, या माझ्या चिंतेवर उत्तर आमच्या स्वयंपाकघरात होते. हळदीत बुडवून वाळवलेल्या कागदाच्या पट्ट्या मी वर्षानुवर्षे वापरल्या. पानाच्या ठेल्यावरचा चुना पाण्यात कालवून वरची निवळी काढून घ्यायची, त्यात नळीने फुंकर मारायची. निवळी दुधाळ होते, कारण आपल्या उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड. पंधरा पैशांच्या चुन्यात अख्खा वर्ग फुंकर मारत असे.

1982 साली या कामासाठी ‘एकलव्य’ ही संस्था स्थापन झाली आणि कार्यक्रम हळूहळू इतर जिल्ह्यांतल्या निवडक शाळांतही गेला. ‘सवालीराम’ नावाच्या एका कल्पित माणसाला मुले पत्रे लिहीत आणि त्यांना उत्तरे येत. 1985 पासून ‘चकमक’ हे मुलांचे मासिक निघाले. मराठी माणसांना ओळखीचे नाव म्हणजे अरविंद गुप्ता. पुण्याच्या टेल्कोतले हे अभियंते 1978 साली रजा घेऊन इकडे आले, आणि आठवडी बाजारातल्या सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे व आगकाड्या जोडून त्यांनी त्रिकोण, चौकोन, घन करून दाखवले. पुढे पुण्याच्या ‘आयुका’च्या विज्ञान केंद्रातून त्यांनी ‘कबाड से जुगाड’ घरोघरी पोहोचवले. 2018 साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्या कामाची सुरुवात आमच्या मातीत झाली, हे सांगताना मला अजून बरे वाटते.

परीक्षाही निराळी होती. पुस्तक उघडे ठेवून लेखी, आणि प्रत्येक मुलाची प्रयोगाची. पाठांतराला जागाच नव्हती. आणि इथेच पालकांच्या मनात पाल चुकचुकली. पुस्तक उघडे ठेवून कसली परीक्षा? ‘संयोग और संभाविता’च्या धड्यात मुले नाणी उडवत, फासे टाकत आणि किती वेळा काय पडले ते लिहीत. एक पालक तक्रार घेऊन आले की बहनजी जुगार शिकवतात. शंभर वेळा नाणे उडवून मी त्यांनाही नोंद करायला बसवले. ते हसत घरी गेले. पण सगळेच हसत गेले नाहीत. आठवी झाली की नववीला जुनेच पुस्तक, जुनीच आकृती. हाताने शिकलेले मूल तिथे अडखळे, आणि दोष आमच्या पदरात येई. किटचे सामान संपले की नवे वेळेवर येत नसे. प्रशिक्षण घेतलेल्या शिक्षकाची बदली होई आणि त्याच्या जागी आलेला कपाटाला कुलूप लावी. हे सगळे खरे होते आणि आम्ही ते पुरेसे मोठ्याने बोललो नाही.

आता माझ्या स्वतःच्या गोष्टीकडे येते. ती टाळली तर हा इतिहास अर्धवट राहील.

माझा मुलगा 1980 सालचा. त्याला शाळेत घालायची वेळ आली तेव्हा घरात चर्चा झाली ती जेमतेम एका संध्याकाळची. हे म्हणाले, “तुझे प्रयोग शाळेत ठीक आहेत, आपल्या मुलावर नकोत.” मी वाद घातला नाही. मराठी शाळा हरद्यात नव्हती, सरकारी हिंदी शाळेत पाठवायला मन धजत नव्हते. इंग्रजी माध्यमाच्या खाजगी शाळेत त्याचे नाव घातले. सातवी-आठवीत असताना एका रात्री तो वहीत आकृती काढत बसला होता. परीक्षानळी, दिवा, वाकडी नळी, उपडा वायुपात्र. नावे इंग्रजीत, बाकी तीच. मी उत्साहाने चुन्याची निवळी आणली, म्हटले, बघ, फुंकर मार. त्याने मारली. निवळी दुधाळ झाली. तो म्हणाला, “आई, छान आहे. पण हे परीक्षेत येत नाही.” आणि पुन्हा आकृतीकडे वळला.

जुलै 2002 मध्ये सरकारने कार्यक्रम बंद केला. नवे शालेय वर्ष नुकतेच सुरू झाले होते. कारण असे सांगितले गेले की सगळ्या राज्यात एकच पुस्तक हवे आणि या जिल्ह्यातली मुले पुढच्या परीक्षांत मागे पडतात. देशभरातल्या वैज्ञानिकांनी आणि शिक्षणतज्ज्ञांनी विरोधाची पत्रे पाठवली. आम्ही शिक्षकही गावोगाव सह्या घेत फिरलो. एका ओट्यावर सात-आठ शेतकरी बसले होते. मी तळमळीने बोलले, तुमच्या मुलांच्या हातचे विज्ञान काढून घेतात, सही करा. ज्याच्या मुलीने मला अळूचे रोप आणून दिले होते तोच तिथे होता. कडवटपणा मुळीच नाही, अगदी शांतपणे त्याने विचारले, “बहनजी, आपका लड़का कहाँ पढ़ा?”

मी सांगितले. खोटे बोलता आले नाही. तो म्हणाला, “हम भी वही चाहते हैं.” आणि त्याने सही केली. सही केली याचेच मला जास्त लागले.

तेव्हापासून मी हा प्रश्न मनात घोळवते आहे. कार्यक्रम सरकारने बंद केला ही कागदावरची गोष्ट. पण ज्यांचा आवाज भोपाळपर्यंत पोहोचला असता अशी आमच्यासारखी माणसे आपली मुले आधीच काढून घेऊन गेली होती. जी शाळा आपल्या मुलाला पुरेशी वाटत नाही ती दुसऱ्याच्या मुलासाठी कितीही चांगली केली, तरी तिला धरून ठेवणारा हात कमजोरच राहतो. इंदूर-ग्वाल्हेरच्या मराठी शाळांविषयी आपण हळहळतो तेव्हाही मला हाच हिशेब आठवतो. मराठी शाळा वाचावी असे म्हणणाऱ्या आपल्यापैकी किती जणांची नातवंडे तिथे आहेत?

काहीच उरले नाही असे मात्र नाही. 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याच्या समितीचे अध्यक्ष प्रा. यश पाल होते. पूर्वी टाटा संस्थेत असलेल्या यश पाल यांचे या कामाशी सुरुवातीपासूनचे नाते होते. त्यानंतर एनसीईआरटीची जी विज्ञानाची पुस्तके आली त्यांत ‘करून पाहा’ पानोपानी आहे. ती पुस्तके चाळताना मला ओळखीची माणसे भेटल्यासारखे वाटते. करून किती जण पाहतात, ही गोष्ट वेगळी.

कार्यक्रम बंद झाल्यावर शाळेतल्या किटची यादी करून द्यायचा हुकूम आला. स्टॉक रजिस्टरमध्ये प्रत्येक वस्तूपुढे शेरा मारायचा होता: चालू किंवा निरुपयोगी. सगळे एकदम ‘निरुपयोगी’ लिहून टाका, म्हणजे हिशेब मिटेल, असा सल्ला मिळाला. मी दोन दिवस बसून एकेक वस्तू तपासली. भिंगे, बत्तीस, चालू. चुंबक, अकरा, चालू. परीक्षानळ्या, चाळीस, पैकी तीन फुटक्या. शेवटी डब्याच्या तळाशी बाभळीचे काटे होते, आठवीतल्या कोणीतरी मूठभर आणून ठेवलेले. रजिस्टरमध्ये त्यांचा रकाना नव्हता. ते मी पर्समध्ये टाकले.

यंदाच्या दिवाळीत नात येणार आहे. परसातले अळू अजून आहे. या वेळी तिला ते मुळासकट उपटायला सांगेन, आणि मी काही बोलणार नाही.